मीटिंगमध्ये ‘हो’ म्हणाले, मग काम का अडलं?

तोक्योत नोकरीसाठी आलेली पाश्चात्य मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. भाषा, एकटेपणा, मुलांची शाळा असं सगळं बोलून झालं की एक वाक्य हमखास येतं. “मीटिंगमध्ये सगळे हो म्हणाले आणि पुढे काहीच हललं नाही. हे लोक खोटं बोलतात का?”

एक जर्मन अभियंता (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) तेच घेऊन आला होता. एका सुट्या भागाचा पुरवठादार बदलायचा त्याचा प्रस्ताव तीन महिने लोंबकळत होता. झोप उडाली होती, घरी बायकोवर डाफरणं वाढलं होतं.

“मला फसवलं.”

“नेमकं काय घडलं?”

“फसवलं, हेच घडलं!”

घटना आणि आपण तिला चिकटवलेला अर्थ वेगळे काढल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. हट्टच म्हणा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे फक्त ऐकलेलं-पाहिलेलं, उजवीकडे त्याने लावलेला अर्थ. दोन आठवडे तो कुरकुरत लिहीत राहिला. तिसऱ्या भेटीत वही उघडली आणि स्वतःच थबकला.

डावीकडे लिहिलं होतं: ‘हाय, हाय’ म्हणाले. विभागप्रमुखांनी दातांतून हवा आत ओढली. ‘केन्तो शिमास’ म्हणाले. आणि तीन निरनिराळ्या तारखांना एकच प्रश्न, ‘हा भाग आधी कुठे वापरलाय का?’ त्यासमोर उजवीकडे तिन्ही वेळा एकच शब्द: ‘उत्सुकता’.

“ही उत्सुकता नव्हती,” तो हळूच म्हणाला. “ते नको म्हणत होते.”

“नको म्हणत होते, की भीती सांगत होते?”

तो बराच वेळ गप्प बसला. मीही ती शांतता भरून काढली नाही. तीन महिने ज्या उत्तराची तो वाट पाहत होता, ते त्याच्याच अक्षरात समोर होतं.

‘हाय’ म्हणजे बरेचदा नुसतं ‘ऐकतोय’. ‘केन्तो शिमास’ म्हणजे ‘विचार करतो’, आपलं ‘बघू’. ‘चोत्तो मुझुकाशी’ म्हणजे ‘जरा अवघड आहे’, व्यवहारात बहुधा ‘नाही’. मनातलं ते होन्ने, चारचौघांत बोलायचं ते तातेमाए. मराठी माणसाला हे कठीण जाऊ नये. न पटलेल्या स्थळाला आपण ‘पत्रिका जुळत नाही’ कळवतो, त्याला खोटारडेपणा कोण म्हणतं?

मोठं झाड हलवण्याआधी जपानी माळी मुळांभोवती खणतो, काही मुळं छाटतो, नवी बारीक मुळं फुटू देतो आणि बऱ्याच काळाने झाड काढतो. याला नेमावाशी म्हणतात. कचेरीतही हाच शब्द चालतो, कारण निर्णय मीटिंगमध्ये होत नाही, आधी झालेला तिथे जाहीर होतो. म्हणून दोन-तीन आठवडे आधी प्रस्ताव एका कागदावर मांडायचा आणि एकेकाला वेगळं गाठायचं. आधी प्रत्यक्ष काम सांभाळणारा तांतोशा, मग काच्यो, म्हणजे त्याचा वरिष्ठ, शेवटी बुच्यो, म्हणजे विभागप्रमुख. दर्जा तपासणारा विभाग विसरायचा नाही. ‘मान्य आहे का?’ असं विचारायचं नाही. ‘पुढे न्यायला कोणती माहिती कमी पडतेय?’ असं विचारलं, की समोरच्याला नकार न देता आक्षेप सांगता येतो. शंकेप्रमाणे कागद दुरुस्त करून पुन्हा त्याच माणसाला दाखवायचा. ही दुसरी फेरी परदेशी माणूस हमखास गाळतो, आणि गाडी तिथेच अडते. मग रिंगीशो, म्हणजे मंजुरीचा कागद, शिक्क्यांसाठी खालून वर जातो. मध्येच कुणी गप्प झालं तर मनात दहापर्यंत मोजावं. घाबरून स्वतःच सवलत देऊन बसणारे मी पुष्कळ पाहिलेत.

कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, कुणी कुठे बसावं, हे सगळे पाठ करून येतात. ते चुकलं तर परका म्हणून सांभाळून घेतात. सगळ्यांसमोर ‘हो की नाही?’ विचारलं, तर मात्र माफी मिळणं कठीण.

त्याने तो भाग आधी कुठे कुठे वापरलाय याचे दाखले आणि पहिल्या खेपेच्या तपासणीचं वेळापत्रक जोडलं. मंजुरीची मीटिंग अठरा मिनिटांत उरकली. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

“मग एवढी माणसं जमवली कशाला?” ही त्याची नवी तक्रार. सांगताना हसत होता.

आता मार्च संपत आलाय. 1 एप्रिलला नव्या आर्थिक वर्षाबरोबर बदल्या होतील, आणि यादीत त्याच्या काच्योचं नाव आहे. नव्या काच्योसाठी त्याने त्याच कागदाची एक प्रत काढून ठेवलीय.