‘उलट्या होतात का?’ नव्हे, ‘उलटी काढता का?’ असं विचारा

डॉक्टर, तुम्ही सल्ल्यासाठी पाठवलेली दातांच्या झिजेची केस मला समजली ती अशी. २८ वर्षांचा मुलगा, तीन वर्षं सेन्सिटिव्हिटीची पेस्ट वापरतोय, तोंडात एकही कीड नाही, ब्रशिंग उत्तम. वरच्या पटाशीच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्यात, खालच्या पहिल्या दाढांच्या टोकांवर बारीक खळगे आहेत. तुम्ही कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या फिलिंगने) कडा बांधल्या, त्या दोनदा तुटल्या, आणि आता विचारताय की सरळ चार क्राऊन, म्हणजे कॅपा, कराव्यात का.

आत्ता तरी नका करू. झीज कशाने होतेय हेच अजून ठरलेलं नाही. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला हे ॲसिडचं काम वाटतंय.

इरोजन, म्हणजे ॲसिडने होणारी दातांची झीज, नजरेतून सुटतं कारण अशा पेशंटचं तोंड बघून आपण मनातल्या मनात त्याला शाबासकी देतो. डाग नाहीत, किटण नाही, दात गुळगुळीत आणि चमकदार. पण निरोगी तरुण दातावर बारीक आडव्या रेघा असतात, प्रकाश तिथे थोडा अडखळतो. ॲसिडने त्या रेघा गेल्या की दात मेण लावल्यासारखा दिसतो. ओल्या दातावर हे कळतच नाही. थ्री-वे सिरिंजने हवा मारा, दात पूर्ण वाळू द्या आणि लाईट तिरका धरा. हिरडीलगत एनॅमलची (दाताच्या बाहेरच्या कठीण थराची) बारीक कड शाबूत आणि वरचा भाग बशीसारखा सपाट झालेला दिसला, तर इरोजन समजा.

माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत एक बाई आल्या. ‘दाढेतलं सिमेंट वर आलंय, जिभेला टोचतं.’ जुनं चांदीचं फिलिंग होतं, आजूबाजूच्या दातापेक्षा खरंच उंच. मी मशीन लावलं, घासून सपाट केलं, पॉलिश केलं, पैसे घेतले. वर्ष-दीड वर्षाने त्या परत आल्या, तक्रार तीच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की चांदी जागेवरच आहे, भोवतीचा दात खाली गेलाय. ॲसिडला चांदी विरघळत नाही, दात विरघळतो. फिलिंग बेटासारखं वर उभं राहणं ही इरोजनची जवळपास सहीच, आणि मी तीच पुसून टाकली होती.

दात खाणाऱ्यांचे फॅसेट, म्हणजे घासून पडलेले डाग, सपाट असतात आणि समोरच्या दाताशी तंतोतंत जुळतात. ॲसिडच्या खळग्यांचं तसं नसतं, समोरच्या दाताचं टोक तिथे पोचतच नाही. मिश्री किंवा राखुंडी घासणाऱ्यांची झीज बहुतेक दाताच्या मानेशी, बाहेरच्या बाजूला, खाचेसारखी असते. अर्थात खेड्यातल्या पेशंटमध्ये हे सगळं एकत्रही भेटतं. ॲसिडने मऊ झालेला दात घासला की जास्तच जातो.

आता तुमच्या वर्णनात नसलेली गोष्ट. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू कशी आहे? फोटो सगळे समोरूनच काढलेत. आरसा आत घाला. बाहेरची, म्हणजे ओठाकडची बाजू झिजली असेल तर ॲसिड बहुधा बाहेरून येतंय, खाण्यापिण्यातून. टाळूकडची बाजू झिजली आणि खालचे पुढचे दात जवळपास धडधाकट असतील, तर ते आतून, पोटातून येतंय. खालच्या दातांवर जीभ पडदा धरते आणि लाळग्रंथींची तोंडंही तिथेच उघडतात, म्हणून ते वाचतात. नियम शंभर टक्के नाही, पण पहिला प्रश्न कुठला विचारायचा ते यावरून ठरतं.

प्रश्न विचारण्यात आपण सगळ्यात जास्त मार खातो.

तिशीतल्या एका शिक्षिकेची टाळूकडची बाजू इतकी पातळ झाली होती की डेंटिनचा (एनॅमलच्या आतल्या थराचा) पिवळेपणा दिसत होता. विचारलं, ‘ॲसिडिटी आहे?’ नाही. ‘उलट्या होतात?’ नाही. तीन व्हिजिट हाच पाढा. चौथ्या वेळी सहज बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘पित्ताचं डोकं दुखतं ना, मग बोटं घालून पित्त काढते, पडलं की बरं वाटतं.’ आठवड्यातून दोनदा, कॉलेजपासून. खोटं त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. त्यांना उलट्या ‘होत’ नव्हत्या, त्या ‘काढत’ होत्या. आणि पित्त म्हणजे ॲसिडिटी हे आपल्या डोक्यातलं समीकरण, त्यांच्या नाही. तेव्हापासून मी विचारतो: पित्त उसळतं का? झोपल्यावर घशाशी येतं का? सकाळी तोंड आंबट-कडू असतं का? पित्त काढता का? योगाच्या शिबिरात शिकून रोज वमनधौती (पाणी पिऊन ते मुद्दाम ओकून काढणं) करणारेही निघतात, आणि ती त्यांच्या लेखी उलटी नसतेच.

वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत जपून. आईसमोर हा विषय काढू नका. गाल कानाखाली फुगलेले, बोटांच्या सांध्यांवर जुने ओरखडे आणि टाळूकडची झीज असं एकत्र दिसलं तर ती मुद्दाम उलटी काढत असू शकते; आईला बाहेर बसवून, आवाज न चढवता, एकदाच विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तरी दार उघडं ठेवा. तिला जितकी दंतवैद्याची, तितकीच मानसोपचारतज्ज्ञाचीही गरज असते.

बाहेरच्या ॲसिडचंही असंच. ‘आंबट खाता का?’ विचारलं की लोकांना चिंच-कैरी आठवते. रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेणारा माणूस छातीठोकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी ते औषध आहे. म्हणून मी म्हणतो, ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांगा, पाण्याच्या बाटलीसकट.’ त्या बाटलीतच खरं उत्तर असतं. तुमचा हा पेशंट जिमला जात असेल तर स्पोर्ट्स ड्रिंक, ॲपल सायडर व्हिनेगर, चघळायच्या व्हिटॅमिन सी गोळ्या ही नावं तुम्हीच घ्या. तीन-चार दिवसांची नोंद लिहून आणायला सांगा, त्यात एक रविवार हवा.

आणि किती यापेक्षा कसं हे विचारा. एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली (आकडा जितका कमी, तितकं ॲसिड तीव्र) विरघळू लागतं असं आपण पाठ केलंय. लिंबाचा रस २ ते २.५, कोला २.५च्या आसपास, जठररस १ ते २. पण नुसता आकडा फसवतो. दह्याचा पीएच ४च्या आसपास असतो, तरी दही दात खात नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. पेशंटला ताक बंद करायला सांगणारे डॉक्टर मी पाहिलेत, ते करू नका. ग्लासभर कोकम सरबत जेवताना पिऊन संपवलं तर लाळ सावरून घेते. तेच बाटलीत भरून दोन तास घोट घोट घेतलं तर लाळेला उसंतच मिळत नाही. सगळ्यात वाईट वेळ रात्रीची. झोपेत लाळ जवळपास थांबते, त्यामुळे झोपताना घेतलेलं किंवा आडवं झाल्यावर घशाशी आलेलं ॲसिड तिथेच बसून राहतं.

पेशंटला मी ‘दात आंबणे’ या शब्दावरून समजावतो. कैरी खाल्ल्यावर दात आंबतात हे प्रत्येकाला माहीत आहे. ‘तुमचे दात रोज थोडे आंबतात, फक्त आता तुम्हाला त्याची सवय झालीय,’ एवढं म्हटलं की चेहऱ्यावर कळतं.

सल्ला मोजकाच द्या. दहा गोष्टी सांगितल्या तर एकही पाळली जात नाही. आंबट पेय जेवणाबरोबर आणि एकदम संपवायचं, तोंडात घोळवायचं नाही. स्ट्रॉ दातांच्या मागे जाणार असेल तरच उपयोगाचा. नंतर साधी चूळ. उलटी किंवा घशाशी आल्यावर लगेच ब्रश नाही, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चुळा भरायच्या. जेवणानंतर अर्धा तास थांबून ब्रश करा हे आपण सगळेच सांगतो, पण एवढ्या वेळात लाळ दाताचा पृष्ठभाग पुरता भरून काढत नाही. त्यामुळे मी वेळेवर फार जोर देत नाही. मऊ ब्रश, हलका हात, आणि सकाळी लिंबूपाण्याच्या आधी ब्रश, यावर देतो. कोळशाची काळी पेस्ट आणि दात पांढरे करणाऱ्या पावडरी बंद. स्टॅनस फ्लोराईडची पेस्ट मिळाली तर उत्तम, नाहीतर नेहमीची फ्लोराईडची. क्लिनिकमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराईडचं व्हार्निश लावा. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट कळ कमी करते, झीज थांबवत नाही. तुमच्या पेशंटची तीन वर्षं अशीच गेली. पित्त खरंच उसळत असेल तर फिजिशियनकडे पाठवा, चिठ्ठीत दातांचं निदान लिहून. नुसतं तोंडी सांगितलं की कोणी जात नाही.

झिजेची नोंद ठेवायला २००८ साली आलेली बेसिक इरोसिव्ह वेअर एक्झामिनेशन, बीईडब्ल्यूई, ही गुण देण्याची पद्धत पुरेशी आहे. तोंडाचे सहा भाग, प्रत्येकातल्या सगळ्यात झिजलेल्या दाताला ० ते ३ गुण, अर्ध्याहून कमी पृष्ठभाग गेला तर २, अर्धा किंवा जास्त गेला तर ३. बेरीज १४ किंवा वर म्हणजे धोका मोठा. दोन मिनिटांचं काम आहे. त्यासोबत इंप्रेशन घेऊन मॉडेल ओता आणि सहा महिन्यांनी तोच दात शेजारी धरून बघा. झीज चालू आहे की पूर्वीच थांबलीय, हे एका भेटीत सांगता येत नाही.

क्राऊनचं म्हणाल तर आधीच पातळ झालेला दात क्राऊनसाठी आणखी घासायचा हे मला पटत नाही. पल्पला (दाताच्या आतल्या नसेला) धोका किंवा असह्य कळ असेल तर उघड्या डेंटिनवर कंपोझिटचा थर द्या, काहीही न कापता. बाकी बांधकाम ॲसिड आटोक्यात आल्यावर. तुम्ही बांधलेल्या कडा तुटल्या त्यात बाँडिंगचा (चिकटवण्याचा) दोष असेलच असं नाही. चाव्याची जागा तपासा, आणि भोवतीचं एनॅमल अजून विरघळतंय का तेही.

टाळूकडच्या बाजूचा फोटो टाका, वाळवून काढलेला. आणि त्या मुलाला बाटलीत काय भरतो ते विचारा.