गाडीला फोन जोडण्याआधी

नवी गाडी घेतलीस, अभिनंदन! ब्लूटूथ जोडताना फोन विचारतो, कॉन्टॅक्ट्स आणि कॉल हिस्ट्री द्यायची का? घाईत ‘अलाऊ’ दाबू नकोस. दाबलंस की सगळे नंबर गाडीच्या सिस्टीममध्ये उतरतात, बायकोच्या डॉक्टरांपासून बँकवाल्यापर्यंत. नाही म्हटलंस तरी गाणी वाजतात, कॉलही घेता येतो. फार तर नावाऐवजी नंबर दिसेल. भाड्याच्या गाडीत तर परवानगी देऊच नकोस.

गाडीच्या कंपनीचं कनेक्टेड ॲप, म्हणजे फोनवरून गाडीशी जोडलेलं ॲप, हे खरं काळजीचं प्रकरण. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये गाड्यांचे २५ ब्रँड तपासले, गोपनीयतेत एकही पास झाला नाही. लोकेशन शेअरिंग सेटिंगमध्ये बंद करता येतंय का, ते आधी बघ.

आणि गाडी विकताना फॅक्टरी रीसेट करच, म्हणजे सिस्टीममधली तुझी माहिती पुसली जाईल. ॲपमधूनही गाडी काढ, नाहीतर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे हे तुला दिसत राहू शकतं.