पांडाजमध्ये (pandas, पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली फाइल, वाचल्यावर कॉलमची नावं बरोबर आहेत का, हे कसं तपासावं?

फाइल वाचल्या वाचल्या, इतर कुठलीही तपासणी सुरू करण्याआधी, अपेक्षित नावांचा एक सेट (क्रम आणि पुनरावृत्ती नसलेला संग्रह) आणि डेटाफ्रेममधल्या (वाचून तयार झालेल्या तक्त्यातल्या) नावांचा दुसरा सेट करून दोन्ही बाजूंनी वजाबाकी करा: एकीकडून गहाळ कॉलम कळतात, दुसरीकडून जास्तीचे. नुसती कॉलमची संख्या मोजून भागत नाही; ‘रक्कम’ जाऊन तिथे ‘एकूण’ आलं तरी संख्या तीच राहते. पहिलं गहाळ नाव दिसताच एरर देऊन थांबू नका, सगळी गहाळ आणि जास्तीची नावं एकाच संदेशात द्या. फाइल पाठवणाऱ्याचे हेलपाटे वाचतात. नावं छापताना रेपर (repr, मजकूर अवतरणचिन्हांसह दाखवणारं पायथनचं फंक्शन) वापरा, म्हणजे ‘तारीख’ आणि शेवटी स्पेस असलेलं ‘तारीख ’ यांतला फरक डोळ्यांना दिसेल. या कडेच्या स्पेस स्ट्रिप (strip) या फंक्शनने काढायला हरकत नाही, पण मिळतंजुळतं नाव आपणहून बदलून घेणं मला धोक्याचं वाटतं: चुकीचा कॉलम बिनबोभाट आत शिरतो.

एक गोष्ट मात्र सेटमधून निसटते. फाइलमध्ये ‘रक्कम’ दोनदा असेल, तर रीड-सीएसव्ही (read_csv, फाइल वाचणारं पांडाजचं फंक्शन) दुसऱ्याला ‘रक्कम.1’ करतं. जास्तीचे कॉलम तुम्ही चालवून घेत असाल, तर ही पुनरावृत्ती लक्षातच येणार नाही. त्यासाठी हेडरची, म्हणजे कॉलमच्या नावांची, मूळ ओळ वेगळी वाचून तपासावी लागते. आणि पुढचा कोड कॉलमच्या क्रमावर अवलंबून असेल, तर सेटऐवजी लिस्टची तुलना करा.