दारातून परत फिरण्याविषयी

प्रिय ‘दारातून परतलेली’,

इतर वाचकांसाठी तुझ्या पत्राचा गोषवारा आधी देते. शाळेत नेहमी पहिल्या पाचांत असणारी तू महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात गणितात नापास झालीस आणि या सत्राच्या दोन चाचण्यांतही उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले नाहीत. खोलीचे दार लावून तू रोज सहा-सात तास अभ्यास करतेस. महाविद्यालयाच्या अभ्यास साहाय्य केंद्रात विनामूल्य मदत मिळते हे तुला ठाऊक आहे. दोनदा तू त्या दारापर्यंत गेलीस आणि वर्गातले कोणी पाहील या भीतीने परत फिरलीस. घरी निकाल अजून सांगितलेला नाही. “ताई, तिथे गेले तर मी ढ आहे हे मीच जाहीर केल्यासारखे होणार नाही का?” असा तुझा प्रश्न आहे.

त्या ‘ढ’पासूनच सुरुवात करू. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणे पार बदलली, ढ मात्र जवळपास होता तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ढ, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. ती खरी मानली, तर एकदा नापास झाल्यावरही अभ्यासाची तीच पद्धत पुढच्या सत्रात तशीच चालवणे हेच ढपणाच्या अधिक जवळ जाते. हे वाक्य तुला लागेल याची मला कल्पना आहे, तरीही ते खोडत नाही, कारण तुझी अडचण बुद्धीची किंवा कष्टांची असल्याचे तुझ्या पत्रात कोठेही दिसत नाही. दिसतो तो एकटेपणा.

गेल्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन या तरुण गणितज्ञाला असाच प्रश्न पडला होता. कॅल्क्युलसच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम गुण मिळवत. तयारी कच्ची असेल, जिद्द कमी असेल, घरून पाठबळ नसेल, असे अंदाज प्राध्यापकांनी बांधले होते. ट्राइसमनने दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे त्यांच्यासोबत राहून पाहिले. अंदाज टिकले नाहीत. नापास होणारी मुले कष्टाळू होती, शाळेत हुशार म्हणून नावाजलेली होती आणि जवळजवळ सगळी एकेकटी अभ्यास करत होती. दुसऱ्या गटातली मुले मात्र आधी आपापली गणिते सोडवून मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत आणि एखादे गणित कोणालाच सुटले नाही तर ते मुळातच अवघड आहे हे त्यांना तेथेच कळे. एकट्या बसलेल्या मुलाला हे कळण्याचा मार्गच नसतो. न सुटलेले प्रत्येक गणित त्याला स्वतःचाच दोष वाटते. पुढे ट्राइसमनने जे वर्ग सुरू केले, त्यांत कच्च्या मुलांची उजळणी ठेवली नाही, तर नेहमीपेक्षा अवघड गणिते गटाने सोडवायला दिली, आणि तेथे येणाऱ्यांचे निकाल ठळकपणे सुधारले.

राहिला लोक काय म्हणतील हा भाग. १९७३ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत डियाना मार्टिन यांनी पूरक अध्यापनाची एक पद्धत सुरू केली आणि ती पुढे अनेक देशांत गेली. तिची मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. ‘कच्चा विद्यार्थी’ शोधण्याऐवजी तिच्यात ‘अवघड विषय’ शोधतात. ज्या विषयात साधारण तीस टक्के किंवा अधिक विद्यार्थी अडखळतात किंवा तो मध्येच सोडतात, त्याच्या जोडीला हे वर्ग ठेवले जातात आणि ते सर्वांना खुले असतात. त्यामुळे आत कोण बसले आहे यावरून कोणाची पातळी ठरत नाही. तुझ्या केंद्रातही काठावरच्या मुलांइतकीच चांगल्या गुणांची मुले असण्याची शक्यता आहे. दारातून ते दिसत नाही, एवढेच.

आता जाशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस. दोन्ही चाचण्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका ने आणि एक अर्धवट सुटलेले गणित ने, ज्यात “येथपर्यंत समजले, या पायरीनंतर काय करायचे ते कळत नाही” असे बोट ठेवून दाखवता येईल. “मला काहीच येत नाही” या वाक्यावर कोणत्याही शिक्षकाला मदत करता येत नाही. मदतनीस स्वतःच भराभर गणित सोडवू लागला, तर त्याला नम्रपणे थांबवून पेन आपल्या हाती घे. दुसऱ्याचे गणित पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि परीक्षेत कागद कोरा राहतो. टिपणे पुन्हा पुन्हा वाचण्याचेही तसेच आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत ज्यांनी पुस्तक मिटून आठवून पाहिले होते ते पुढे गेले. तुझ्या सहा-सात तासांतले निम्मे तरी वाचनात जात असावेत, असा माझा तर्क आहे.

शैक्षणिक सल्लागाराला याच आठवड्यात भेट. विषय मागे घेण्याची मुदत बहुतेक ठिकाणी ठरलेली असते आणि ती उलटल्यावर सल्ला कितीही चांगला मिळाला तरी उपयोगी पडत नाही.

पत्राच्या शेवटी, जणू सहज, तू लिहिले आहेस की दोन महिने धड झोप नाही आणि पुस्तक उघडले की रडू येते. हे गणिताच्या शिकवणीने सुटणारे नाही. महाविद्यालयात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे, नसतील तर डॉक्टरांकडे जा, आणि केंद्रात जाण्याचे धैर्य होईपर्यंत ही भेट लांबवू नकोस.

घरी सांगताना नुसती गुणपत्रिका पुढे ठेवू नकोस. केंद्राची वेळ ठरवून, सल्लागाराला भेटून आल्यावर सांग, म्हणजे वडिलांच्या “आता पुढे काय?” या पहिल्या प्रश्नाला तुझ्याजवळ उत्तर असेल. ते रागावतील, कदाचित निकालापेक्षा लपवण्यावर अधिक रागावतील, आणि तेवढा राग तुला ऐकून घ्यावा लागेल.

तुझी,
ताई