धिंगरीचा उतारा बेडवर नाही, कोरड्या काडावर मोजा

ताई, सातपूरच्या खोलीत तुम्हाला धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूम) बेडमागे, म्हणजे ओलं काड भरलेल्या एका पिशवीमागे, १.४ किलो मिळतंय आणि सिन्नरच्या मैत्रिणीला १.८, म्हणून तुम्ही हिरमुसल्यात. पण तुमचा बेड भरताना ५ किलोचा, तिचा ८ किलोचा, हेही तुम्हीच लिहिलंय. मग तुलना कशी करायची?

अळिंबीचा उतारा कोरड्या काडावर काढतात. बेड भरताना १०० ग्रॅम ओलं काड बाजूला काढा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. ३५ ग्रॅम उरलं तर ओल ६५ टक्के. म्हणजे तुमच्या बेडात १.७५ किलो कोरडं काड, त्यावर १.४ किलो माल: ८० टक्के. तिचीही ओल तेवढीच धरली तर २.८ किलोवर १.८, म्हणजे ६४ टक्के. तुमचं काम तिच्यापेक्षा चांगलं चाललंय! फक्त माल मोजताना देठाचा काड चिकटलेला भाग कापून मोजा, आणि फवारणीच्या आधी तोडा. पाणी प्यालेली अळिंबी काट्यावर जड भरते, पण दुसऱ्या दिवशी पिशवीत चिकट होते.

आता वाढवायचं कसं? तुमच्या फोटोत देठ लांब आणि छत्र्या बटणाएवढ्या दिसतात. हे पाणी कमी पडल्याचं लक्षण नाही, खोलीत कार्बन डायऑक्साइड कोंडलाय. मार्च लागला की नाशिकची हवा कोरडी होते, म्हणून आपण खिडक्या गच्च लावतो आणि फवारे वाढवतो. नेमकं उलट करा. खिडकीला ओलं गोणपाट लावून पहाटे आणि रात्री हवा खेळू द्या, दुपारी भिंती आणि जमीन भिजवा. टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्यांवर थेट पाणी मारू नका, पिवळ्या पडून सुकतात. छत्रीची कड वर वळायच्या आत तोडणी करा. नंतर बीजाणू झडतात, त्यांनी खोकला धरतो.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते हीच जास्त पैशाची. समजा पहिल्या दोन तोडण्यांत ३८ दिवसांत १.१५ किलो निघालं, आणि तिसरीचे २५० ग्रॅम यायला ५० वा दिवस उजाडला. दोन तोडण्यांवर दिवसाला ३० ग्रॅम पडतात, तिन्ही धरल्या तर २८. जागा अपुरी असेल तर तिसरीची वाट बघू नका, माश्याही त्याच दिवसांत वाढतात. पण काड आणि स्पॉन (अळिंबीचं बियाणं) महाग पडत असेल, किंवा रॅक रिकामे असतील, तर तिसरी जरूर घ्या.

प्रत्येक बेडवर मार्करने भरल्याची तारीख आणि कोरडं वजन लिहा. आणि काड कोणतं वापरता ते सांगा. घोटीकडचा भाताचा पेंढा असेल तर वरचं सगळं तसंच लागू. सोयाबीनचं असेल तर त्यात नत्र जास्त, उतारा वाढतो, पण निर्जंतुकीकरणात ढिलाई झाली तर हिरवी बुरशी आधी येते.