मुलगा स्केटबोर्डचं दुकान काढायचं म्हणतोय

“ताई, मुलगा हातातली नोकरी सोडून चाकांच्या फळ्या विकायचं म्हणतोय. तुम्ही त्याला जरा समजवा.”

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका वडिलांचा असा फोन आला. अशा फोनला माझं उत्तर ठरलेलं असतं. समजवायचं काम मी घेत नाही, पण घरातले सगळे एकत्र येणार असतील तर बसून ऐकेन. ते तिघं आले. (लिहायला तिघांचीही परवानगी आहे, नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

निखिल 27 वर्षांचा. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात क्वालिटी विभागात चार वर्षं काम करतोय. घर दांडिया बाजारात, पणजोबांच्या वेळचं. पणजोबा सयाजीरावांच्या काळात संस्थानच्या नोकरीत बडोद्याला आले, आजोबा शाळेत मास्तर, वडील विमा कंपनीतून निवृत्त. इथल्या मराठी घरांची ही वंशावळ मला तोंडपाठ आहे. शेजारी चार पिढ्यांचे दुकानदार असतात, त्यांच्या लग्नात आपण पंगतीला असतो, नवरात्रात त्यांच्याबरोबर गरबा खेळतो. तरी “आपल्यात धंदा कुणी केला नाही” हे वाक्य घरात तसंच टिकून राहतं. बाबांनी ते पहिल्या दहा मिनिटांत तीनदा म्हटलं.

निखिल तयारी करून आला होता. स्केटबोर्डिंग टोकियो ऑलिंपिकमध्ये आलं, तिथे जपानच्या मोमिजी निशियाने 13 व्या वर्षी सुवर्णपदक घेतलं. 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेतच झाल्या, त्यांतही हा खेळ होता आणि महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्ण जिंकलं. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार नावाच्या खेड्यात 2015 मध्ये स्केटपार्क झाला आणि तिथली आशा गोंड 2018 ला चीनमध्ये नानजिंगच्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोचली. “हा काही फक्त अमेरिकेतल्या पोरांचा खेळ राहिला नाही, बाबा.”

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “बरं. पण दुकान चालेल का?”

“चालणारच.”

“नाही चालणार.”

आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत भांडण याच जागी अडकलेलं असतं. निखिलने सांगितलेलं सगळं खरं होतं, पण त्यातून खेळ वाढतोय एवढंच कळत होतं. दांडिया बाजारातल्या एका मुलाचं दुकान चालेल का, हे त्यातून कळत नव्हतं. बाबांच्या ‘नाही’मागेही भीतीखेरीज काही नव्हतं. ज्या प्रश्नाचं उत्तर आज कुणापाशीच नाही त्यावर माणसं महिनोन्महिने एकमेकांना दुखावत राहतात, आणि हे पाहताना मला फार वाईट वाटतं. म्हणून मी तो प्रश्न बाजूला ठेवायला सांगितला आणि दुसरा विचारला: “किती पैसे गेले तर हे घर सहन करेल? आकडा सांगा.”

निखिल म्हणाला, “जाणारच नाहीत.” बाबा म्हणाले, “एक रुपयासुद्धा नाही.” तोवर गप्प बसलेल्या आई म्हणाल्या, “नव्वद हजार.”

त्या वीस वर्षं गल्लीतल्या बायकांची भिशी चालवतात. मुलाची शिल्लक दोन लाख दहा हजार, हे त्यांना माहीत होतं. त्यातून आजारपणाला आणि सहा महिन्यांच्या खर्चाला किती बाजूला ठेवायचं हे त्यांनी मनातल्या मनात मांडून ठेवलं होतं. फक्त त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मग आम्ही निखिलची योजना उघडली. अलकापुरीत गाळा, भाडं 28,000. त्याच्याच हिशोबाने एका पूर्ण बोर्डामागे साधारण 1,500 सुटणार होते. म्हणजे नुसतं भाडं भरायला महिन्याला 19 बोर्ड विकायला हवेत. मी त्याला म्हटलं, या शहरात स्केटबोर्ड चालवणारे जेवढे तुला नावानिशी माहीत आहेत तेवढे या कागदावर लिही. त्याने मन लावून लिहिले. 43 झाले. त्या कागदाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मी काहीच बोलले नाही.

पुढच्या भेटीला तो एकटा आला, आणि त्या दिवशी मला या धंद्याबद्दल त्याच्याकडून बरंच शिकायला मिळालं. बोर्डाची फळी, म्हणजे डेक, मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची असते. रोज उड्या मारणाऱ्याची ती दोन-तीन महिन्यांत झिजते किंवा तुटते. खालचे ॲल्युमिनियमचे ट्रक, म्हणजे चाकं बसतात ते आस, मात्र वर्षानुवर्षं चालतात. चाकं पॉलियुरेथेनची; गुळगुळीत सिमेंटवर कडक लागतात, आपल्या खडबडीत रस्त्यांवर मऊ. प्रत्येक चाकात दोन, म्हणून एका बोर्डाला आठ बेअरिंगं लागतात, आणि ती 608 नंबरची असतात: आतून 8 मिलिमीटर, बाहेरून 22, रुंदी 7. हा नंबर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मी विचारलं, “43 जणांना नवा बोर्ड रोज लागत नाही. मग त्यांना दर महिन्याला काय लागतं?” तो थांबला. मग म्हणाला, “दुरुस्ती. आणि लहान मुलांना शिकवणारं कुणीतरी. मॅडम, पालक ऑनलाइन स्वस्तातला प्लॅस्टिकचा बोर्ड घेतात, त्याची चाकं नीट फिरतच नाहीत, मूल दोनदा पडतं आणि बोर्ड माळ्यावर जातो.”

दुकान तिथे होतं, अलकापुरीच्या गाळ्यात नव्हतं.

तिघांनी मिळून जे ठरलं ते एका कागदावर लिहिलं. नोकरी चालू ठेवायची. सहा महिने संध्याकाळी आणि रविवारी घराच्या पुढच्या खोलीत काम करायचं, भाडं शून्य. पहिला माल 60,000 चा, स्वतःच्या शिल्लकीतून. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं, ते घ्यावं का असं त्याने विचारलं. पहिल्या मालासाठी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगितलं; कुठला माल फिरतो हे कळण्याआधी हप्ता सुरू झाला की माणूस घाबरून चुकीचे सौदे करतो. खड्डा, म्हणजे एकूण गेलेले पैसे, 90,000 वर गेला की थांबायचं, माल मिळेल त्या भावाला काढायचा, आणि त्यानंतर घरात कुणी “मी म्हटलं होतं” असं म्हणायचं नाही. ही शेवटची अट निखिलने घातली आणि बाबांनी ती वाचून सही केली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण लोक त्यालाच फार भितात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते आणि फुकट आहे. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल 40 लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. गुजरातबाहेर माल विकायचा तर पहिल्या विक्रीपासून लागते. बाहेरून माल थेट आयात करायचा विचार दुसऱ्या वर्षी करावा.

फेब्रुवारीत काम सुरू झालं. माल वरच्या मजल्यावर ठेवायचा हे आईंनी बजावलं होतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि मेपलच्या थरांना नुसती दमट हवाही सोसत नाही. हिशोबाचा नियमही त्यांचाच: न विकलेला माल म्हणजे शून्य. निखिलला तो अन्यायाचा वाटला. मला तो अतिशय योग्य वाटला, आणि आता मी तो सगळ्यांना सांगते.

मेअखेरीस खड्डा 31,000 वर होता. बारा डेकपैकी पाच विकले गेले होते. उरलेले सात साडेआठ इंच रुंदीचे, म्हणजे निखिलच्या स्वतःच्या पायाला बसणारे. येणारी गिऱ्हाइकं दहा-बारा वर्षांची होती; त्यांना साडेसात इंचांहून रुंद फळी झेपत नव्हती. ज्याला एखाद्या गोष्टीचं वेड असतं तो पहिला माल स्वतःसाठीच भरतो, हे मी बेकरी काढणाऱ्यांत पाहिलं आहे आणि पुस्तकांचं दुकान काढणाऱ्यांतही. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड मात्र त्याला तीनदा मागवावे लागले. हेल्मेटशिवाय मुलाला बोर्डवर उभं करायचं नाही, हा त्याचा नियम एका सोसायटीतल्या आयांना इतका पटला की पार्किंगमध्ये रविवार सकाळची नऊ मुलांची बॅच त्यांनीच जमवून दिली. उरलेल्या सातांपैकी दोन डेक फाइन आर्ट्सच्या एका विद्यार्थिनीने रंगवले. ते भिंतीवर टांगायला गेले.

मधे एप्रिलमध्ये तो एकदा ठरलेली वेळ नसताना आला. पैशांचं काही नव्हतं. “मॅडम, महिन्यात दोनदाच बोर्डवर चढलो. दुसऱ्यांचे ट्रक आवळत बसतो, मग अंगात ताकदच राहत नाही. कधी कधी त्या हत्यारांच्या पेटीकडे बघावंसं वाटत नाही.” आवडीचा धंदा केला की आवड मरते का, ही काळजी तरुण मुलं माझ्याकडे दबक्या आवाजात बोलतात, कारण घरच्यांच्या विरोधात ठामपणे उभं राहिल्यावर शंका बोलून दाखवायची सोय उरत नाही. मी त्याला घाई न करता बोलू दिलं. त्याला दुरुस्तीचा कंटाळा नव्हता, शिकवण्याचाही नव्हता. त्याच्या हातून त्याचा स्वतःचा वेळ गेला होता. गुरुवार संध्याकाळ बंद ठेवायची असं ठरलं: गिऱ्हाईक नाही, फोन नाही, मित्र आणि बोर्ड एवढंच. शिवाय हिशोबाच्या वहीत एक रकाना वाढवला, ‘आज चालवलं का’. तो रकाना सलग तीन आठवडे रिकामा राहिला तर थांबायचं, पैसे येत असले तरी. तुमच्यापैकी कुणी आपल्या छंदाचं दुकान काढत असाल तर हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

जुलै जवळजवळ कोरडा गेला, कारण बाहेर पाऊस होता. ऑगस्टच्या शेवटी तिघं पुन्हा माझ्यासमोर बसले. खड्डा 17,000 वर आला होता. फायदा झालेला नव्हता, रेषाही ओलांडलेली नव्हती. नोकरी सोडायची का, हा विषय निखिलने काढलाच नाही. आणखी एक हिवाळा असाच काढू, म्हणाला. नोव्हेंबर ते मार्च हाच खरा हंगाम. आईंनी वही उघडून उधारीची दोन नावं दाखवली आणि यापुढे शाळकरी मुलांना उधार नाही असं जाहीर केलं.

बाबांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. निखिलचा लग्नासाठीचा बायोडेटा. सगळं टाइप केलेलं होतं, ‘व्यवसाय’ पुढची जागा तेवढी कोरी.

“गेले पंधरा दिवस इथे अडलोय,” ते म्हणाले. “नुसतं नोकरी लिहिलं तर खोटं वाटतं.”

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि निखिलला विचारलं, “स्केटबोर्ड एक शब्द की दोन?”