आर्डुइनोच्या ईईप्रॉममध्ये 300 लिहिलं तर 44 का येतं? आणि दर सेकंदाला लिहिलं तर चालेल का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: आर्डुइनो युनो बोर्डवर ठिबकच्या पंपाचा टायमर केलाय, 300 मिनिटं सेट करून ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) राइट फंक्शनने लिहिता, पण वीज जाऊन आली की 44 वाचली जातात. शिवाय पंप किती वेळ चालला हे दर सेकंदाला लिहून ठेवायचंय, म्हणजे वीज गेली तरी राहिलेलं पाणी पुढे देता येईल.

44 चं कारण सोपं आहे. राइट एका वेळी एकच बाइट लिहितं आणि एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढंच मावतं. 300 मधून 256 गेले, उरले 44. त्याऐवजी पुट आणि गेट ही फंक्शन वापरा. ती दोन्ही व्हेरिएबलचा प्रकार बघून लागतील तेवढे बाइट घेतात: युनोवर इंटला (छोटी पूर्ण संख्या) 2, लाँगला (मोठी पूर्ण संख्या) आणि फ्लोटला (दशांश संख्या) 4. पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) मात्र तुम्हालाच सांभाळावे लागतात. इंट 0 वर ठेवला तर पुढची गोष्ट 2 वर ठेवा. 1 वर ठेवलीत तर आधीच्या आकड्याचा अर्धा भाग गेलाच.

दर सेकंदाला लिहिणं? अजिबात नको. युनोवरच्या एटमेगा328पी चिपमध्ये ईईप्रॉम 1024 बाइटची आहे आणि प्रत्येक बाइटवर साधारण 1,00,000 वेळा लिहिता येतं, असं तिची डेटाशीट सांगते. दर सेकंदाला एकाच पत्त्यावर लिहिलं तर हा कोटा 28 तासांच्या आतच संपतो. दर मिनिटाला लिहिलं तर 69 दिवसांत. आणि लूपमध्ये राइट चुकून मोकळा राहिला, तर एका लिखाणाला 3.3 मिलीसेकंद धरून अवघ्या साडेपाच मिनिटांत! लाखाचा आकडा गाठला की बाइट लगेच मरतो असं नाही, पण त्यापुढे भरवसा उरत नाही. वाचण्याला अशी मर्यादा नाही, हवं तितकं वाचा. अपडेट हे फंक्शन आधी वाचून बघतं आणि किंमत बदलली असेल तरच लिहितं (पुटही आतून तेच करतं), पण तुमचा आकडा दर वेळी बदलणारच, त्यामुळे इथे त्याचा फारसा उपयोग नाही.

मी तुमच्या जागी असतो तर दर मिनिटाला लिहिलं असतं, ठिबकला तेवढी अचूकता पुरते, आणि तेही पत्ता बदलत बदलत. 8 बाइटची एक नोंद करा: 4 बाइट अनुक्रमांक, 2 बाइट मिनिटं, 1 राखीव आणि शेवटचा चेकसम (आधीच्या सात बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा). 1024 बाइटमध्ये अशा 128 नोंदी बसतात. दर वेळी पुढच्या जागी लिहायचं, शेवट आला की पुन्हा पहिल्या जागेपासून. पंप रात्रंदिवस चालला तरी लाखाचा कोटा संपायला 24 वर्षं लागतील. सुरू होताना सगळ्या 128 नोंदी वाचा आणि ज्यांचा चेकसम जुळतो त्यांतली सर्वांत मोठ्या अनुक्रमांकाची घ्या.

याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. समजा, एकाच पत्त्यावर 255 च्या जागी 256 लिहिताय. खालचा बाइट 255 चा 0 झाला, वरचा 0 चा 1 व्हायचा होता, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. आता वाचलं तर 256 ही नाही आणि 255 ही नाही, सरळ 0. म्हणजे टायमर पहिल्यापासून पाणी द्यायला लागणार. नोंदींच्या पद्धतीत अर्धवट नोंदीचा चेकसम सहसा जुळत नाही, ती बाजूला पडते आणि मिनिटभर आधीची नोंद शाबूत मिळते.

चेकसम करताना एक खाच लक्षात ठेवा. कोऱ्या ईईप्रॉममध्ये प्रत्येक बाइट 255 असतो (म्हणून कोरा इंट वाचला की -1 येतो). सात बाइटचा नुसता एक्सॉर (बिट सारखे तिथे 0, वेगळे तिथे 1) चेकसम म्हणून घेतला, तर सात 255 चा एक्सॉरही 255 च येतो! कोरी जागा खरी नोंद ठरते, तिचा अनुक्रमांकही सगळ्यांत मोठा. नुसती बेरीज घेतली तर कोरी जागा पकडली जाते, पण सगळे शून्य असतील तर तेही बरोबर ठरतात. म्हणून बेरजेची सुरुवात 0 ऐवजी 165 सारख्या आकड्यापासून करा, दोन्ही प्रश्न मिटतात.

पुढेमागे ईएसपी32 या दुसऱ्या बोर्डवर गेलात तर तिथे वेगळी ईईप्रॉम नसते, फ्लॅशचाच (प्रोग्राम साठवायच्या मेमरीचाच) भाग वापरला जातो. ईईप्रॉम लायब्ररी वापरली तर शेवटी कमिट केल्याशिवाय काहीच साठत नाही. त्यापेक्षा प्रेफरन्सेस लायब्ररी घ्या, तिथे पत्त्याऐवजी नाव देऊन किंमत ठेवता येते. नाव 15 अक्षरांच्या आत, इंग्रजीत.

एक काम शेतात बसवण्याआधी घरीच करा. पंपाच्या जागी एलईडी लावा, लिखाण तात्पुरतं दर सेकंदाला करा आणि मधेच प्लग ओढा, पुन्हा लावा, पुन्हा ओढा. दर वेळी सिरियल मॉनिटरवर (बोर्डने पाठवलेला मजकूर संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) कोणती नोंद उचलली आणि किती नोंदींचा चेकसम चुकला, हे छापून बघा. कोऱ्या जागा सोडून एखाद-दुसरी चुकली तर हरकत नाही. उचललेला आकडा मागे उडी मारताना दिसला, तर तुमचा कोड आणि छापलेल्या नोंदी इथे टाका, मी बघतो.